सोडा, पॉप, कोक की सॉफ्ट ड्रिंक? अमेरिकी कॉलवर नेमकं काय म्हणायचं

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळीला अमेरिकेतल्या रेस्टॉरंटच्या ऑर्डरी फोनवर घ्यायच्या आहेत. 'कोल्ड ड्रिंक' म्हटलं की समोरचा अडखळतो. ग्राहक कधी सोडा म्हणतो, कधी पॉप, तर कधी कोक, आणि कोक म्हणणाऱ्याला शेवटी हवं असतं स्प्राइट. आपल्याकडे सोडा म्हणजे साधा, बिनसाखरेचा. मग स्वतः कोणता शब्द वापरायचा, आणि एक, दोन, थोडं, जास्त हे कसं सांगायचं? शिवाय हे शब्द मुळात आले कुठून?

कामापुरतं उत्तर आधी देतो. पहिला प्रश्न विचारताना पेयाचं नावच घेऊ नका. 'वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक विथ दॅट?' एवढं विचारा. हे वाक्य न्यूयॉर्कपासून टेक्सासपर्यंत कुठेही खटकत नाही. ग्राहकाने त्याचा शब्द वापरला की पुढच्या वाक्यात तोच शब्द त्याला परत द्या. तो पॉप म्हणाला तर तुम्हीही पॉप म्हणा. त्याने काहीच शब्द वापरला नाही आणि तुम्हाला वापरावाच लागला तर अमेरिकेत 'सोडा', आणि कॉल कुठून आहे याचा पत्ता नसेल तर 'सॉफ्ट ड्रिंक'. शेवटी ऑर्डर वाचून दाखवताना मात्र यातला एकही शब्द नको. तिथे ब्रँड, डाएट की साधं, आकार आणि संख्या, एवढंच.

'कोल्ड ड्रिंक' का चालत नाही? अमेरिकी माणसाला हे शब्द कळतात, पण त्यांचा अर्थ तो शब्दशः घेतो: थंड असलेलं कुठलंही पेय. त्यात पाणी आलं, आइस्ड टी आला, ज्यूस आला. म्हणून तो 'लाइक व्हॉट?' विचारतो. न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला जुने लोक 'कोल्ड ड्रिंक' आपल्याच अर्थाने म्हणतात आणि दक्षिण आफ्रिकेत 'कूलड्रिंक' हा रोजचा शब्द आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तुमच्या शेजारच्या सीटवरचा चेन्नईचा सहकारी 'कूल ड्रिंक्स' म्हणत असेल. त्याची अडचणही तीच. शिवाय आपल्याकडे 'कोल्ड्रिंक' हा आता मराठीच शब्द झाला आहे, त्यामुळे 'वन कोल्ड ड्रिंक्स' असं तोंडातून सहज निघतं. एकाला 'अ ड्रिंक', दोनांना 'टू ड्रिंक्स'. मागचा 'स' एकाला चिकटवू नका.

आता 'सोडा'. ठाण्यात स्टेशनबाहेरच्या गाडीवर सोडा मागितला तर साधा, लिंबू, जिरा की मसाला एवढंच विचारतात. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा वेगळे, आणि कोळीवाड्यात तर सोडे म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी. अमेरिकेत जेवणाच्या ऑर्डरीत सोडा म्हणजे गोड, रंगीत किंवा बिनरंगी, गॅसवालं पेय: कोक, पेप्सी, स्प्राइट, डॉक्टर पेपर, माउंटन ड्यू, रूट बियर, ऑरेंज. साध्या सोड्याला तिथे 'क्लब सोडा' किंवा 'सेल्टझर' म्हणतात. दोन्हींत साखर नाही. क्लब सोड्यात थोडे क्षार घातलेले असतात, सेल्टझर म्हणजे नुसतं पाणी आणि गॅस. 'स्पार्कलिंग वॉटर' हा या सगळ्यांना झाकणारा शब्द. 'टॉनिक वॉटर' यांच्यात मोजू नका. त्यात क्विनाइन असतं आणि साखरही असते. ते कडू लागलं तरी गोड पेयच आहे, आणि मधुमेह असलेला माणूस सेल्टझर मागत असेल तर टॉनिक पाठवणं चूक ठरेल.

एक अपवाद लक्षात ठेवा. अमेरिकी बारमध्ये 'व्होडका सोडा' किंवा 'व्हिस्की अँड सोडा' म्हटलं की तिथला सोडा साधाच. म्हणजे दारूच्या नावामागे आला तर आपला सोडा, बर्गरबरोबर आला तर त्यांचा.

सॉफ्ट ड्रिंकमधला 'सॉफ्ट' हा 'हार्ड'च्या विरुद्ध आहे. हार्ड म्हणजे दारू असलेलं. हे माहीत असलं की 'हार्ड लेमोनेड', 'हार्ड सेल्टझर' मेनूवर दिसल्यावर गोंधळ होत नाही. त्यात दारू असते आणि ती देताना वयाची खात्री लागते. उलट रूट बियर, जिंजर एल आणि बर्च बियर यांच्या नावात बियर-एल असलं तरी ती सहसा बिनदारूची. लहान मुलासाठी रूट बियर मागणाऱ्या आईला 'इज इट फॉर अ‍ॅन अडल्ट?' असं विचारू नका. 'ड्रिंक' एकटा वापरतानाही जपा. 'डू यू ड्रिंक?' म्हणजे 'तुम्ही दारू घेता का?' पेयाबद्दल विचारायचं असेल तर 'वुड यू लाइक अ ड्रिंक विथ युअर मील?' असं पूर्ण वाक्य करा.

कोण कुठे काय म्हणतं, याचा नकाशा डोक्यात असला की कान लवकर पकडतात. 'सोडा' ईशान्येकडे म्हणजे न्यूयॉर्क शहर, न्यू जर्सी, बॉस्टन इथे, आणि पश्चिमेला कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना इथे. 'पॉप' मधल्या उत्तर पट्ट्यात: मिशिगन, ओहायो, मिनेसोटा, आयोवा, शिकागो, तसंच पिट्सबर्ग आणि बफेलो, आणि वरती वायव्येला सिअ‍ॅटलच्या बाजूला. गंमत म्हणजे पॉपच्या या पट्ट्यात मिलवॉकी आणि सेंट लुइस ही दोन शहरं बेटांसारखी सोडा म्हणतात. डेट्रॉइटमध्ये 'रेड पॉप' ऐकू आला तर तो कुठलाही लाल रंग नव्हे, फेगो या तिथल्याच कंपनीचं पेय आहे. ही कंपनी १९०७ पासूनची. कॅनडातही पॉपच. बॉस्टनच्या म्हाताऱ्या माणसांकडून 'टॉनिक' ऐकू आलं तर तेही सोडाच, वर सांगितलेलं क्विनाइनवालं टॉनिक नव्हे. आता हा वापर विरळ झालाय. राज्याच्या सीमेवर शब्द चट्‌कन बदलतो असंही समजू नका. लोक गाव बदलतात, शब्द सोबत नेतात. फोन नंबरचा एरिया कोड बघून शब्द ठरवणं तर अगदीच व्यर्थ, कारण मोबाइल नंबर माणसाबरोबर फिरतो.

खरा त्रास 'कोक'चा. जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी, मिसिसिपी, टेक्सास या दक्षिणेकडच्या भागात बरेच लोक कुठल्याही गॅसवाल्या पेयाला कोक म्हणतात. कोका-कोला तिथलीच. १८८६ मध्ये अटलांटात जॉन पेंबर्टन या औषधविक्रेत्याने ते बनवलं, आणि कंपनीचं मुख्यालय आजही अटलांटातच आहे. त्यामुळे 'आय विल हॅव अ कोक' या वाक्याचे दक्षिणेत दोन अर्थ होतात: एक कोका-कोला, किंवा एक सोडा, कोणता ते तू विचार. तिथल्या वेट्रेस 'व्हॉट काइंड?' असं सरळ विचारतात. तुम्हीही विचारा, पण 'व्हॉट काइंड ऑफ कोक?' हे वाक्य उत्तरेच्या ग्राहकाला वेडगळ वाटतं. म्हणून कुठेही चालेल असं रूप हे: 'शुअर. इज दॅट रेग्युलर कोका-कोला, ऑर डिड यू वॉन्ट समथिंग एल्स?' यात दक्षिणेचा माणूस 'ओ, मेक इट अ स्प्राइट' म्हणून मोकळा होतो आणि उत्तरेचा नुसतं 'येप' म्हणतो.

याच जागी आणखी एक गोष्ट. ज्या रेस्टॉरंटसाठी तुम्ही कॉल घेता तिथे पेप्सीची उत्पादनं असतील आणि ग्राहक कोक म्हणाला, तर 'इज पेप्सी ओके?' हे विचारणं सक्तीचं समजा. न विचारता पेप्सी पाठवली तर चूक दोन ठिकाणी होते. एक ग्राहकाशी. दुसरी कायद्याची, कारण कोक हा नोंदणीकृत व्यापारचिन्ह असलेला शब्द आहे आणि एकाच्या नावाखाली दुसऱ्याचा माल देणं हे व्यापारचिन्हाच्या भांडणाचं जुनं कारण. लिहितानाही तेच. चॅटमध्ये किंवा तिकिटावर ब्रँड म्हणून कोक लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटल. लहान अक्षरात लिहिलेल्या याच शब्दाचे इतर अर्थ म्हणजे पोलाद भट्टीत वापरतात तो कोळसा आणि कोकेन. ग्राहकाच्या तक्रारीच्या नोंदीत यातलं काहीही नको.

आता उच्चार, कारण निम्मे घोळ शब्दाचे नसून तोंडाचे असतात. अमेरिकेत पॉपचा स्वर 'ऑ' नसतो, तो 'आ'कडे जातो. म्हणजे मराठी कानाला ते थेट 'पाप' ऐकू येतं. पहिल्या आठवड्यात 'टू लार्ज पाप' ऐकून नवे लोक गोंधळतात, त्याचं कारण हेच. ब्रिटिश मात्र पॉपच म्हणतात. दुसरी बाजू तुमच्या बोलण्याची. आपला मराठी 'प' हवेच्या झोताशिवाय निघतो, आणि शब्दाच्या सुरुवातीला झोत नसलेला 'प' इंग्रजी कानाला 'ब' वाटतो. तोंडासमोर तळहात धरा आणि पॉप म्हणा. हाताला हवा लागली पाहिजे. पण त्यासाठी 'फ' म्हणू नका, कारण आपल्यातले बरेच जण 'फ' म्हणताना ओठ पूर्ण मिटत नाहीत आणि त्याचा 'फॅन'मधला फ होतो. ओठ घट्ट मिटायचे, मग हवेसकट सोडायचे. शेवटचा 'प' मात्र हवेविना, ओठ मिटून तिथेच थांबायचं.

कोकचं तसंच. सुरुवातीचा 'क' हवेसकट, 'ख'च्या जवळ जाणारा. आणि त्यातला 'ओ' सरळ नाही, तो शेवटी 'उ'कडे वळतो: कोउक. हा 'ओ' आखूड किंवा उघडा झाला की भलताच शब्द ऐकू जातो, आणि तो रेकॉर्ड होणाऱ्या कॉलवर नको असतो. सोड्यातही तोच वळणारा 'ओ'. पुढचा 'ड' आपला मूर्धन्य ड नाही. जीभ मागे वळवू नका, टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला हलकेच लावा. अमेरिकी माणूस दोन स्वरांमधला हा 'ड' इतका पटकन उडवतो की तो आपल्या एका झटक्याच्या 'र'जवळ जातो. म्हणून घाईत बोललेला सोडा 'सोउरा'सारखा वाटतो. तो ओळखायला शिका, स्वतः तसा म्हणायची गरज नाही. शेवटचा 'डा' लांब ओढू नका, तिथे 'अ' आहे. सॉफ्ट ड्रिंकमध्ये मधला 'ट' बोलताना गळतो आणि 'ड्रि' हे 'ज्रि'कडे झुकतं. 'ट' ठासून म्हटला की वाक्य तुटतं.

ग्राहकासारखा हेल काढायच्या भानगडीत पडू नका, असं माझं ठाम मत आहे. शब्द त्याचा घ्या, हेल तुमचाच राहू दे. स्पष्ट भारतीय उच्चार लोकांना समजतो. अर्धवट टेक्सन हेल ना टेक्सासला समजतो ना घणसोलीला.

व्याकरणात एकच गाठ आहे, ती सुटली की बाकी सोपं. सोडा, पॉप, कोक हे तिन्ही शब्द दोन्ही प्रकारे चालतात. एक भरलेला ग्लास, कॅन किंवा बाटली मनात असेल तर मोजता येतात: 'अ सोडा', 'टू सोडाज', 'थ्री कोक्स'. पातळ पदार्थ म्हणून बोलत असाल तर मोजायचे नाहीत: 'सम सोडा', 'टू मच सोडा', 'आय डोन्ट ड्रिंक सोडा'. पॉपचं अनेकवचन 'पॉप्स' ऐकू येतं, पण 'टू कॅन्स ऑफ पॉप' जास्त नैसर्गिक, आणि 'पॉप्स' म्हणजे बाबाही होतात. सॉफ्ट ड्रिंक कायम मोजायचं: 'अ सॉफ्ट ड्रिंक', 'सॉफ्ट ड्रिंक्स'. 'सम सॉफ्ट ड्रिंक' हे इंग्रजी कानाला अपुरं वाटतं. 'टू नंबर्स कोक' किंवा 'टू नंबर ऑफ कोक' हे आपल्या 'दोन नग'चं भाषांतर आहे, तिकडे कोणी म्हणत नाही. 'टू कोक्स' पुरतं. क्रियापदही बदला. 'विल यू टेक सोडा?' ऐवजी 'वुड यू लाइक अ सोडा?' किंवा 'कॅन आय गेट यू अ सोडा?' आपण चहा 'घेतो', ते 'हॅव' करतात.

आकारांमध्ये पैसे जातात, म्हणून इथे सावकाश. अमेरिकी कॅन १२ औंसाचा, म्हणजे ३५५ मिलिलिटर. एकट्या माणसाची नेहमीची बाटली २० औंसाची, ५९१ मिलिलिटर. मोठी बाटली २ लिटरची, आणि बाकी बरंचसं औंसात मोजणाऱ्या देशात ही गोष्ट मात्र लिटरमध्ये विकली जाते. तिला 'अ टू-लिटर' म्हणतात. पिझ्झाच्या ऑर्डरीत 'टू टू-लिटर्स' म्हणजे २ लिटरच्या दोन बाटल्या, एकूण ४ लिटर. घाईत यातला एक 'टू' गळतो आणि एक बाटली जाते किंवा उगाच जास्त जाते. विचारायचं ते हे: 'सो दॅट्स टू बॉटल्स, टू लिटर्स ईच?' तसंच 'ट्वेल्व्ह-औंस' आणि 'ट्वेल्व्ह-पॅक' यांत एक कॅन आणि बारा कॅन इतका फरक आहे. नुसतं 'ट्वेल्व्ह' ऐकून पुढे जाऊ नका.

'रेग्युलर' हा शब्द तर सापळाच. ठाण्याच्या मल्टिप्लेक्सच्या काउंटरवर रेग्युलर म्हणजे आकार. अमेरिकेत 'रेग्युलर कोक' म्हणजे डाएट नसलेली, साखरवाली. ग्राहक 'अ रेग्युलर कोक' म्हणाला तर आकार अजून विचारायचा बाकी आहे. 'ओके, रेग्युलर कोक. स्मॉल, मीडियम ऑर लार्ज?' डाएट आणि साधं यांची अदलाबदल ही या कामातली सगळ्यात वाईट चूक, कारण रक्तातली साखर सांभाळणाऱ्या माणसाला ती थेट अंगावर येते. झिरो आणि डाएट हीसुद्धा दोन वेगळी पेयं आहेत, एकाच्या जागी दुसरं गृहीत धरू नका. 'डाएट'चा उच्चार 'डायट'.

बर्फाचं आणि थंडपणाचं बोलणंही वेगळं आहे. फाउंटनमधून, म्हणजे मशीनच्या नळातून, भरलेल्या ग्लासात बर्फ न मागता भरपूर येतो. नको असेल तर 'नो आइस', कमी हवा असेल तर 'लाइट आइस' किंवा 'इझी ऑन द आइस'. आपण 'नॉर्मल' पाणी, 'विदाउट कोल्ड' असं म्हणतो. त्यांना ते कळत नाही. 'रूम टेम्परेचर' म्हणा.

तक्रार आली तर ग्राहकाचा शब्द जसाच्या तसा टिपा, कारण दुकानातल्या माणसाला त्यावरून बिघाड कळतो. फाउंटन मशीनमध्ये घट्ट सिरप आणि गॅस मिसळलेलं पाणी साधारण १ ला ५ या प्रमाणात ग्लासात एकत्र येतं. सिरप खोक्यातल्या पिशवीतून येतं, गॅस सिलिंडरमधून. 'इट्स फ्लॅट' म्हणजे चव ठीक पण बुडबुडे नाहीत. सिलिंडर संपला असेल, किंवा नुसता ग्लास बराच वेळ उघडा राहिला असेल. 'इट टेस्ट्स लाइक सेल्टझर' किंवा 'देअर्स नो सिरप' म्हणजे बुडबुडे आहेत, गोडी नाही. सिरपची पिशवी संपली. 'टू सिरपी' म्हणजे प्रमाण बिघडलं. 'वॉटर्ड डाउन' हे डिलिव्हरीत बहुतेक वितळलेल्या बर्फामुळे. आपण 'गॅस गेला' म्हणतो त्याचं 'गॅस इज गॉन' करू नका. गॅस म्हटलं की त्यांना आधी पेट्रोल आठवतं, मग पोट. 'आय अ‍ॅम सॉरी युअर सोडा वॉज फ्लॅट' हे वाक्य बरोबर.

आइस्ड टीबद्दल दोन ओळी, कारण ती सोड्याच्याच यादीत मागितली जाते. दक्षिणेत 'स्वीट टी' म्हणजे साखर घातलेला गार चहा, 'अनस्वीट' म्हणजे बिनसाखरेचा. नुसतं 'टी' ऐकलं तर विचारा. आपल्या घरचा गरम चहा तिकडे 'हॉट टी'.

पाळी बदलून ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाच्या कॉलवर गेलात तर नकाशा पुन्हा बदलतो. ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात 'फिझी ड्रिंक', उत्तरेला आणि वेल्समध्ये 'पॉप', ग्लासगोकडे 'जिंजर' किंवा 'फिझी ज्यूस'. सॉफ्ट ड्रिंक तिथे जास्त पसरट आहे. त्यात ज्यूस आणि पाणी घालून पातळ करायचं स्क्वॉशही येतं. तिथे सोडा म्हटलं तर लोकांच्या मनात साधा सोडा येतो, म्हणजे आपल्यासारखाच. आयर्लंडमध्ये जुने लोक 'मिनरल्स' म्हणतात. ऑस्ट्रेलियात 'सॉफ्ट ड्रिंक' एकच पुरतं. या देशांत कॅन बहुधा ३३० किंवा ३७५ मिलिलिटरचा असतो, ३५५ चा नाही. आणि 'लेमोनेड' सांभाळा: अमेरिकेत ते लिंबाचं सरबत, बिनगॅसचं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात ते स्प्राइटसारखं पारदर्शक गॅसवालं पेय. अमेरिकी कॉलवरून आलेला माणूस इथे हमखास फसतो.

वाचताना एक वेगळी भाषा भेटते, ती बोलू नका. बाटलीच्या मागे 'कार्बोनेटेड वॉटर', जीएसटीच्या कागदांवर 'एरेटेड वॉटर्स', अमेरिकी शहरांच्या कायद्यांत 'स्वीटन्ड बेव्हरेज'. ज्याला तिथली वर्तमानपत्रं 'सोडा टॅक्स' म्हणतात, तो बर्कली शहराने २०१४ मध्ये मतदानाने मंजूर केला. फिलाडेल्फियात १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. ब्रिटनने ६ एप्रिल २०१८ पासून आणलेल्या त्याच धर्तीच्या कराचं नाव मात्र 'सॉफ्ट ड्रिंक्स इंडस्ट्री लेव्ही'. ग्राहकाने बिलावर जादा रक्कम का असं विचारलं तर तुमच्याकडच्या पडद्यावर कायद्यातलं नाव दिसेल आणि तो 'सोडा टॅक्स' म्हणत असेल. दोन्ही एकच. 'यस, दॅट्स द सिटीज बेव्हरेज टॅक्स' म्हणून सांगा.

हे शब्द आले कुठून, असंही विचारलं होतं. जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मध्ये लीड्सच्या दारूभट्टीत आंबवणीच्या पिंपावर पाणी धरून त्यात गॅस मुरवला, आणि पुढे असं पाणी बनवताना सोडियमचे क्षार वापरत म्हणून 'सोडा वॉटर'. पॉप हा बूच उडतानाचा आवाज. १८१२ च्या एका इंग्रजी पत्रात त्याचं हेच कारण लिहिलेलं सापडतं. आपल्याकडची गोटीची बाटली इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट केली होती. तिच्यात बूच नाही, आतल्या गॅसच्या दाबानेच गोटी वर तोंडाशी बसते. कॉलवर याचा काही उपयोग नाही.

उलट्या दिशेचा उपयोग मात्र आहे. तुमच्या प्रोसेसचा अमेरिकी मॅनेजर ऐरोलीत आला आणि टीमबरोबर जेवायला बसला, तर तो वेटरला 'कॅन आय गेट अ सोडा?' म्हणेल आणि त्याच्यासमोर साध्या सोड्याची बाटली येईल. वेटर चुकलेला नाही. मॅनेजरला आधीच सांगा की इथे ब्रँडचं नाव घ्यायचं: थम्स अप, स्प्राइट, लिम्का. थम्स अप ही १९७७ मध्ये आलेली, आता कोका-कोलाच्याच मालकीची कोला आहे, आणि कोकपेक्षा तिखट लागते, हेही सांगा. त्याला खरंच साधा हवा असेल तर 'प्लेन सोडा'. आणि मेनूवरचा 'फ्रेश लाइम सोडा' मागवला तर वेटर पुढचा प्रश्न विचारणार, स्वीट, सॉल्ट की मिक्स. पहिल्यांदा पिणाऱ्याला स्वीट द्या. मिठाचा घोट त्याला अपेक्षित नसतो.